जितेपणी दिलेला मचवा

सदूभाऊंचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे वाचून झाल्यावर कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्यानं तेवढं सोयीस्कर गाळलं. अक्षर चांगलं होतं, आवाज चांगला होता आणि बसायची जागाही चांगली होती. रजिस्ट्रारच्या कचेरीच्या ओसरीचं पायऱ्यांकडचं टोक त्यांचं, आणि दुपारचं ऊन जिथं थेट तोंडावर येतं ते टोक माझं. पायऱ्या चढून आलेल्या माणसाला पहिले दिसायचे सदूभाऊ. माझ्यापर्यंत पोचायचा तो सदूभाऊंकडे गर्दी होती म्हणून, नाहीतर त्यांच्याशी बिनसलं होतं म्हणून. वर्षानुवर्षं असं चाललं तर माणसाच्या पोटात दुखणार नाही तर काय होणार?

संपादकमहाशयांनी मला आम्हा दोघांच्या बाँडरायटरच्या, म्हणजे दस्त लिहून देण्याच्या, धंद्याविषयी लिहायला सांगितलंय. सदूभाऊ असते तर त्यांनाच सांगितलं असतं, हे मी पुरतं जाणून आहे. पण ते नाहीत आणि मी आहे, तेव्हा लिहितो.

आमचं काम असं. लोकांनी आपल्या मनातलं आपल्या भाषेत सांगायचं, आम्ही ते कायद्याला पचेल अशा भाषेत स्टँपाच्या कागदावर उतरवायचं, वाचून दाखवायचं, सही-अंगठा घ्यायचा आणि पक्षकारांना रजिस्ट्रारपुढं उभं करायचं. यातलं वाचून दाखवणं लोकांना क्षुल्लक वाटतं, पण अर्धा धंदा तिथं असतो. ज्याला अक्षरओळख नाही त्याला आपला दस्त कळतो तो कानानं. सदूभाऊ वाटणीपत्र वाचायला लागले की भांडून आलेले भाऊसुद्धा गप्प बसायचे, बायका डोळ्यांना पदर लावायच्या. मी तेच वाचलं की लोक विचारायचे, झालं का?

खरेदीखत, गहाणखत रोजचंच. सगळ्यांत अवघड दस्त विश्वस्तपत्राचा, म्हणजे ट्रस्टचा. वीस-तीसच्या सालांत आमच्याकडे तो नवलाचाच होता. कोळीवाड्यातले लोक त्याला जितेपणीचा कागद म्हणायचे, आणि ते नाव मला कायद्यातल्या नावापेक्षा बरं वाटतं. मृत्युपत्र लिहायला सोपं, कारण त्यात माणसाला काही सोडावं लागत नाही. तो गेल्यावर ते बोलतं. पण भाऊबंद मृत्युपत्रावर तुटून पडतात. म्हातारा शुद्धीवर नव्हता, अंगठा मागाहून उठवला, काय वाट्टेल ते म्हणतात. म्हणून काही शहाणी माणसं धडधाकट असतानाच आपली वस्तू भरवशाच्या माणसाच्या नावावर करून टाकतात. त्याला सांगतात, तू ही सांभाळ, मी आहे तोवर उत्पन्न मला दे, माझ्यामागं अमक्याला दे. तो भरवशाचा माणूस म्हणजे विश्वस्त.

इथवर ठीक. पण नुसतं लिहून भागत नाही. जमीन तलाठ्याच्या दप्तरी विश्वस्ताच्या नावे चढली पाहिजे, होडी असली तर बंदरावरच्या कचेरीत तिच्यापुढचं नाव बदललं पाहिजे, घर असलं तर चावी त्याच्या हातात गेली पाहिजे. आणि देणाऱ्यानं त्यानंतर मालकासारखं वागायचं नाही. हे शेवटचं कुठल्याही कागदानं साधत नाही.

किहीमला मुंबईच्या एका शेटचा बंगला होता, पुढं नारळाची वाडी. शेटनं मोठ्या हौसेनं तो विधवा लेकीसाठी ट्रस्टमध्ये घातला. दस्त मी लिहिला होता, आणि बरा लिहिला होता. पण शेटच्या कमरेची चावी काही सुटेना. विश्वस्त आला की दार शेट उघडणार, माळ्यावर शेट ओरडणार, नारळ शेट विकणार. शेट गेल्यावर मुलांनी कोर्टात सांगितलं, बापानं काही दिलंच नव्हतं, कागद नुसता दाखवायचा होता. ट्रस्ट आडवा झाला. सदूभाऊंनी पान पुढं करत माझं सांत्वन केलं, म्हणाले की दस्त ठीकच होता, गिऱ्हाईक कच्चं होतं. ते सांत्वन मला महिनाभर चावत होतं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो तो धर्मा नाखवा. नाखवा म्हणजे मचव्याचा, शिडाच्या मोठ्या होडीचा, मालक. भावापासून वेगळा झाल्यावर धर्मानं स्वतःच्या कमाईतून मचवा बांधला, कोळीवाड्यामागं माडांची एक लहानशी वाडी घेतली. बायको वारलेली, मूलबाळ नाही. घरात होती यमुना. यमुनेचा बाप त्याच मचव्यावर खलाशी होता. एका वादळातून मचवा परत आला, तो आला नाही. आई त्याआधीच गेलेली. रांगती पोर धर्मानं उचलून घरी आणली आणि लेकीसारखी वाढवली. पण कायद्यापुढं ती त्याची कुणीच नव्हती. मुलगी दत्तक घ्यायची सोय नव्हती, आणि धर्मामागं सगळं जायचं होतं त्याच्या पुतण्यांना. थोरला पुतण्या हिरू आत्तापासूनच वाडीत येऊन कुठला माड तोडायचा ते बघून जायचा. धर्मानं डोळे मिटले की यमुनेला बोचकं उचलावं लागणार, हे सगळा कोळीवाडा धरून चालला होता.

धर्मा होळी झाल्यावर कचेरीत आला, आणि अर्थातच सदूभाऊंच्या टोकाला बसला. विश्वस्त कोण, तर त्याचा तांडेल गणू. तांडेल म्हणजे मचवा हाकणारा. गणू पोरवयापासून धर्माच्या हाताखाली शिकलेला, सरळ, कमी बोलणारा. यमुना लग्नाच्या वयाला आलेली. तिच्या एकटीच्या नावे केलं असतं तर उद्या सासरच्यांनी गिळलं असतं, शिवाय मचवा चालवणार कोण? तेव्हा सारं गणूच्या नावे, धर्मा जिवंत असेतो उत्पन्न धर्माला, पुढं यमुनेला. सदूभाऊंनी त्याला विचारलं, दिलेलं परत घ्यायचा हक्क स्वतःकडे ठेवायचाय का? धर्मानं नाही म्हणून मान हलवली. तसा हक्क ठेवला तर पुतणे रोज उशाशी येऊन बसतील, म्हणाला.

साक्षीदार कमी पडला म्हणून सही करायला मला बोलावलं. जखमेवर मीठ म्हणतात ते हेच. सदूभाऊंनी दस्त वाचला. यमुनेच्या बापाचं नाव आलं तिथं धर्मानं डोळे पुसले, आणि कधी नव्हे ते गणूनंही तोंड फिरवलं. मी सही केली. सही करताना मनात आलं की असा दस्त माझ्या हातून का होऊ नये? एवढ्यावर सदूभाऊ थांबले नाहीत. तलाठ्याकडे स्वतः गेले, बंदरावर धर्माला घेऊन गेले आणि मचव्यापुढं गणूचं नाव लागल्याचं डोळ्यांनी बघून आले. कुठं बोट ठेवायला जागा ठेवली नाही त्या माणसानं.

मग काय झालं, तर काही झालं नाही, आणि तेच धर्माला सोसेना. गणूनं मचव्याला नवा रंग दिला, धर्माला न विचारता. गणूनं श्रीवर्धनकडे सुपारी आणायला खेप मारली, तीही न विचारता. विचारायचं कारणच नव्हतं. भाऊच्या धक्क्यावरचे व्यापारी गणूशेट म्हणायला लागले. गणूच्या बायकोनं नवं लुगडं घेतलं ते तिच्या माहेरून आलेलं होतं, पण धर्माला ते आपल्या मचव्यातून आल्यासारखं दिसायचं. बरं, गणू लबाड असता तर धर्माचं निभलं असतं; चार शिव्या हासडून मोकळा झाला असता. पण गणू प्रत्येक खेपेचा पैसा आणून यमुनेसमोर त्याच्या हातात ठेवायचा आणि आदबीनं दारातूनच परत जायचा. मत्सराला सगळ्यांत जड जातं ते हे. ज्याचा करायचा तो माणूस चांगला निघतो. मी सदूभाऊंच्या शेजारी उगाच वर्षं काढली नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको.

श्रावण लागला होता. मचवे किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारलेले. एके दिवशी धर्मा पायऱ्या चढून आला, सदूभाऊंच्या समोरून गेला, त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि माझ्यापुढं येऊन बसला. सदूभाऊंचं गिऱ्हाईक त्यांच्या डोळ्यांदेखत माझ्याकडे! खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, या नाखवा, बसा.

तो म्हणाला, "अण्णा, माजा मचवा मना परत पायजे."

यमुनेचं काय, असं मी विचारलं.

"यमुनेचा यमुनेला ऱ्हाऊंदे. गनूचा नको. मी जिता हाय, अन् लोक त्याला मालक म्हनतात. वाळूत माज्यासमोर म्हनतात."

मी त्याच्याकडून दस्त मागून घेतला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. सावकाश वाचला. कुठं तरी भोक सापडावं अशी माझी फार इच्छा होती, आणि ती यमुनेच्या काळजीपोटी नव्हती. सदूभाऊ पलीकडे टाकाला नीब बसवत होते, पण कान इकडे होते. मला एकही भोक सापडलं नाही. शेवटी मी दस्ताची घडी घातली आणि खरं ते सांगितलं, की दिलं ते दिलं. कुणी बाँडरायटर, कुणी वकील हे फिरवू शकणार नाही.

धर्मा उठेना. मग त्यानं खरी गोष्ट काढली. नारळी पौर्णिमा आठवड्यावर आली होती. आमच्या किनाऱ्यावर गावाचा सोन्याच्या वर्खाचा नारळ पाटील दर्याला देतो, आणि मग ज्याचा मचवा त्याचा नारळ. मालकानं गुडघाभर पाण्यात जाऊन आपल्या हातानं द्यायचा, त्याशिवाय मचवा पुन्हा पाण्यात लोटायचा नाही. धर्मानं आजवर एकही पौर्णिमा चुकवली नव्हती. आता नारळ गणू देणार. हिरू घरी येऊन सांगून गेला होता, काका, मालक तुम्हीच, नारळ तुम्हीच द्या, बघू कोण अडवतो.

हिरूला एवढा पुळका का आला, ते मला लगेच कळलं. मी धर्माला समजावलं. एका नारळानं दस्त मोडत नाही, पण सगळ्या कोळीवाड्यासमोर तुम्ही मालकाचा नारळ दिलात की पुतण्यांना साक्षीला सगळा कोळीवाडा मिळतो. उद्या ते कोर्टात म्हणणार, म्हातारा शेवटपर्यंत मालकच होता, कागद नुसता नावाला. किहीमच्या शेटचं झालं ते सांगितलं. मग म्हटलं, "नाखवा, त्या नारळाला हात लावू नका. तुमच्या हाताला नारळ लागला की यमुनेचं घर गेलं."

त्यानं ऐकलं आणि निघून गेला. सदूभाऊंनी माझ्याकडे बघून एकदाच मान डोलावली, शाबास म्हटल्यासारखी. म्हणजे दस्त त्यांचा, राखण माझी, आणि शाबासकी देणारेही तेच.

पौर्णिमेला मी कोळीवाड्यात गेलो. सदूभाऊही आले होते. त्यांना बसायला पाटलाच्या घरची खुर्ची मिळाली. मी वाळूत उभा. वाजंत्री आली, गावाचा नारळ दर्याला गेला, मग एकेक मालक पाण्यात उतरायला लागले. गणू ताटात नारळ घेऊन आला. नवी बंडी, डोक्याला टोपी, नजर खाली. मागं बायकांच्या घोळक्यात यमुना होती. धर्मा एका बाजूला, आणि हिरू अगदी त्याच्या कानाला लागून. हिरू हळू बोलत होता, पण सगळ्यांना ऐकू येईल इतकंच हळू. गड्याच्या हातचा नारळ आता दर्यानं खायचा, असं काहीसं.

धर्मा पुढं झाला. गणूसमोर उभा राहिला आणि दोन्ही हात पसरले.

गणूनं त्याच्याकडे बघितलं आणि ताटातला नारळ उचलून त्याच्या हातात दिला. तो दुसरं काय करणार? ज्यानं वल्हं धरायला शिकवलं त्याला नाही म्हणणारा तो नव्हता. हिरूच्या चेहऱ्यावर एकदम समाधान पसरलं. सदूभाऊ खुर्चीतून उठले होते, तोंड पांढरं पडलेलं. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की बुडाला सदूभाऊंचा दस्त. मग यमुना दिसली. ती नारळाकडे बघत नव्हती. वाळूत उभ्या मचव्याकडे बघत होती, ज्याच्यावरून तिचा बाप परत आला नव्हता.

धर्मा नारळ घेऊन पाण्यात शिरला. गुडघाभर पाणी झालं तसा थांबला. नारळ छातीशी धरून तो इतका वेळ उभा राहिला की वाजंत्रीवाल्यांनी वाजवायचं थांबवलं. मग त्यानं मागं वळून हाक मारली, "यमुने, इकडं ये."

पोर जागची हलेना. बायकांनी ढकलली तेव्हा आली. मचव्याचा नारळ पोरीनं देण्याची पद्धत आमच्याकडे कधी नव्हती. म्हातारे कुजबुजायला लागले, पाटलानं भुवया वर केल्या. धर्मानं नारळ तिच्या ओंजळीत ठेवला. "तुजा मचवा हाय, तूच दे," म्हणाला. तिनं डोळे मिटून नारळ पाण्यावर सोडला. एका लाटेनं तो परत तिच्या पायाशी आणला, पुढच्या लाटेनं नेला.

धर्मा पाण्यातून बाहेर आला तो माझ्या आणि गणूच्या मधून. गणूपाशी क्षणभर थांबला आणि दातांतल्या दातांत म्हणाला, "मी न्हाय, तर तू बी न्हाय." हे गणूनं ऐकलं आणि मी ऐकलं. खुर्चीपर्यंत काही ते गेलं नाही.

लोकांनी नंतर त्या प्रसंगाची पुष्कळ वाखाणणी केली. नाखव्याचं मन दर्याएवढं, वगैरे. मला विचाराल तर त्या दिवशी त्याचं मन नारळाएवढंच होतं, आणि त्यात गणूला द्यायला जागा नव्हती. नारळ स्वतः दिला असता तर यमुना बुडत होती, गणूला द्यायचा तर जीव जात होता. तेव्हा त्याच्या मत्सरानंच तिसरी वाट काढली. मत्सरातून कुणाचं भलं झालेलं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं. माझ्या स्वतःच्या मत्सरानं तर साधा बोरूसुद्धा नीट तासला गेला नाही.

पुढं चार-पाच वर्षांनी धर्मा गेला. सुतक फिटतं न फिटतं तोच पुतण्यांनी दावा लावला, आणि त्यात नेमकं तेच म्हटलं: दस्त नावाला, मालक शेवटपर्यंत आमचा काका. त्यांनीच साक्षीला आणलेल्या एका म्हातारीला त्यांच्या वकिलानं विचारलं, मचवा कुणाचा समजत होता तुम्ही? ती म्हणाली, "पोरीचा. नारल तिनंच दिलता की." वकील घाम पुसत खाली बसला. दावा गेला. यमुनेचं तोवर लग्न झालं होतं. नवरा घरजावई म्हणून आला, वाडी राहिली, मचवा राहिला आणि मचव्यावर गणूही राहिला.

कोर्टाबाहेर लोकांनी सदूभाऊंना गराडा घातला. काय टिकला दस्त! काय लेखणी! मी चपला शोधत होतो. ओसरीवर परत येताना सदूभाऊंनी अगदी मुलासारखं विचारलं, "अण्णा, खरं सांगा. दस्त चांगला होता ना?"

त्यांना कधी शंका येत असेल असं मला वाटलंच नव्हतं. आणि विचारलं कुणाला, तर मला. माझ्या तोंडून काय जावं? मी म्हटलं, "अक्षर चांगलं होतं."

ते हसले आणि आपल्या टोकाला जाऊन बसले.

त्या वर्षापासून यमुना नारळी पौर्णिमेच्या आधी आपल्या वाडीतले दोन नारळ घेऊन कचेरीत यायची. पहिला सदूभाऊंपुढं ठेवायची, दुसरा माझ्यापुढं. माझा दरवेळी जरा लहान असायचा, निदान मला तरी तसा दिसायचा. मी घरी नेऊन तो बायकोला दाखवायचो आणि ती म्हणायची, नारळच आहे हो, खवायचा आहे.

सदूभाऊ माघात गेले. पायऱ्यांकडचं टोक रिकामं झालं. सगळ्यांनी सांगितलं, अण्णा, आता तिकडं बसा, सावली आहे, गिऱ्हाईक पहिलं तुमच्याकडे येईल. इतकी वर्षं त्या जागेवर डोळा ठेवून होतो, आणि आता उन्हातून उठवेना.

श्रावणात यमुना आली. सवयीनं दोन नारळ आणले होते. पायऱ्यांशी क्षणभर अडखळली, मग माझ्याकडे आली, दोन्ही नारळ हातांत तोलले आणि मोठा माझ्यापुढं ठेवायला वाकली. आता तुमीच थोरले, अण्णा, असं म्हणाली.

मोठाच होता. ह्या खेपेला तसं नुसतं वाटत नव्हतं.

मी म्हटलं, "हा तिकडं ठेव, सदूभाऊंच्या जागेवर. दस्त चांगला होता."